गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), बांबोळी (सर्जरी विभाग) - बाबांचा पाय वाचला

पाचपैकी पाच स्टार. ज्यांच्या घरात डायबेटीसचा पेशंट आहे त्यांनी हे वाचाच.

बाबा ६७ वर्षांचे, शुगर १८ वर्षं. यंदा शिरगावला लईराई देवीच्या जत्रेला नेहमीसारखे अनवाणी गेले, डांबर तापलेलं, पण तळव्याला संवेदनाच उरली नव्हती त्यामुळे काही कळलंच नाही. घरी आईला लादीवर ओले डाग दिसले, पाय उलटा करून बघितला तर दुसऱ्या बोटाखाली रुपयाएवढा फोड फुटलेला. गावाजवळच्या एका डॉक्टरकडे महिनाभर मलम नि पट्टी चालू होती, जखम वरून सुकल्यासारखी दिसायची पण आतून वास यायचा. एकदाही एक्सरे काढला नाही, याचा राग अजून आहे मला.

बांबोळीला पहिल्याच दिवशी सर्जननी बारीक सळई जखमेत घातली ती सरळ हाडाला टेकली, आणि बाबा माझ्याशी गप्पा मारत होते, त्यांना पत्ताच नाही! एक्सरेत हाड खराब झालेलं. आता पाय जाणार म्हणून आई रडायला लागली, पण त्यांनी आधी डॉपलर करून पायात रक्त पोचतंय का ते बघितलं. रक्त नीट असेल तर सडलेलं तेवढंच काढून बाकी पाय ठेवता येतो, नसेल तर आधी अँजिओप्लास्टी नाहीतर बायपास करून रक्त आणावं लागतं, नाहीतर कापलेलं भरतच नाही, असं डॉक्टरनी आम्हाला शांतपणे समजावलं. बाबांचं रक्त चांगलं होतं. बोट आणि त्यामागचं थोडं हाड काढलं, मेलेलं मांस साफ केलं, पू आत कोंडू नये म्हणून टाके न घालता जखम उघडीच ठेवली. मग ड्रेसिंग, इन्सुलिन, आणि जखमेचा तळ लालबुंद झाल्यावर मांडीची कातडी काढून वर लावली.

खरा कस नंतर लागतो, कारण पायावर वजन टाकायचं नाही. बाबा ऐकेनात, तर सिस्टर दर वेळी प्रेमाने दटावायच्या, "बाबा, पांय सकयल दवरूं नाकात!" (पाय खाली ठेवू नका!)

जाताना दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. आता बाबा घरातसुद्धा एमसीआर (खास मऊ रबराच्या) चपला घालतात, आणि रोज रात्री आई टॉर्च घेऊन त्यांचे दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्यांसकट, तपासते.