खाडीतलं प्रदूषण मोजायचं, तर गाळ घ्यावा की कालवं?

बाणकोट, दाभोळ, धरमतर, खाडी कुठलीही असो. वर्षाला मोजकेच नमुने तपासण्याइतका पैसा हाती असला की हा प्रश्न येतोच. निम्मे गाळाचे आणि निम्मे कालवांचे (खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांचे) नमुने घेतले, तर दोन्हींतून ठोस काही सांगता येत नाही. म्हणून झुकतं माप कुणाला द्यायचं, ते आधीच ठरवलेलं बरं. इथे बोलणं जड धातूंपुरतं आहे.

गाळाची बाजू कच्ची नाही. वरच्या अंगाला, गोड्या पाण्याच्या पट्ट्यात कालवं मिळत नाहीत, गाळ मिळतो. शिवाय गाळाला इतिहास असतो. नळी रोवून गाभा, म्हणजे थरांचा उभा नमुना काढला आणि शिसं-210 या किरणोत्सर्गी शिशाने थरांचं वय लावलं, तर सुमारे शंभर वर्षं मागे जाता येतं. मात्र जिथे सक्शन पंपाने रेती उपसली जाते, तिथे थरच उलटेपालटे झालेले असतात. तिथे गाभ्यावर खर्च करू नये.

वरवरचा नमुना घेताना ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा तपकिरी थर, फार तर दोन सेंटिमीटर, प्लॅस्टिकच्या चमच्याने अलगद उचलावा. त्याखालचा काळा, वास मारणारा थर त्यात मिसळला की आकडा वेगळाच येतो. मग 63 मायक्रॉनच्या चाळणीतून त्याच खाडीच्या पाण्याने ओला चाळावा, कारण धातू बारीक कणांना चिकटतात आणि रेती जास्त असली की आकडा उगाच खाली येतो. चाळणी नायलॉनची हवी. पितळी जाळीतून तांबं आणि जस्त नमुन्यात उतरतं, आणि नेमकं तेच तर मोजायचं असतं.

एवढं सगळं नीट केलं तरी कोकणात गाळाची एक अडचण उरतेच, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. आपला गाळ सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून आलेला आहे. बेसॉल्टमध्ये मुळातच तांबं किलोला शंभर मिलिग्रॅमच्या वर सहज असतं. जगभर वापरली जाणारी गाळासाठीची खालची धोकारेषा मात्र तांब्याला 34 आणि निकेलला सुमारे 21 आहे. म्हणजे ज्या खाडीच्या काठी एकही कारखाना नाही, तिचा गाळही कागदावर ‘प्रदूषित’ ठरतो. उलट खरोखर सांडपाणी येणाऱ्या खाडीचा आकडा वर गेला, तर समोरचा निवांतपणे म्हणतो, ‘हे तर खडकातलंच आहे.’ ते खोडून काढायला पुरावा हाती नसतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे ॲल्युमिनियमशी गुणोत्तर लावणं, म्हणजे खडकातून आलेला वाटा वेगळा करण्यासाठी धातूच्या आकड्याला ॲल्युमिनियमच्या आकड्याने भागणं. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरचा जांभा स्वतःच लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला आहे. भागाकारातला खालचा आकडाच फुगला की वरची वाढ झाकली जाते. लिथियमने भागलं तर थोडं बरं चालतं. पुन्हा काळबादेवी, मिऱ्या या भागांत इल्मेनाइट या खनिजाची काळी रेती आहे, कणकवलीजवळ जानवली-वागद्याला क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज आहे. तिथे क्रोमियमचा आकडा बघून कारखान्याकडे बोट दाखवणं धाडसाचंच. हायड्रोफ्लोरिक आम्लाने सगळं विरघळवण्याऐवजी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने फक्त सुटा धातू काढावा, म्हणजे खडकातला बराच भाग बाजूला राहतो. तरी वाद पूर्ण मिटतो असं म्हणवत नाही.

कालवाच्या बाबतीत हा वाद बराच कमी होतो. खडकाच्या स्फटिकात अडकलेला धातू त्याच्या अंगी सहसा लागत नाही. पाण्यातून आणि खाण्यातून जो खरोखर शोषला जातो, तोच मांसात साठतो. ते जागा सोडत नाही, म्हणून आकडा त्या जागेचाच असतो. मासे हिंडतात, त्यामुळे त्यांच्यावरून जागा सांगता येत नाही.

कालवाचे त्रासही आहेत. उधाणाच्या ओहोटीला, एकाच उंचीच्या खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकावरून), एकाच जातीची, साधारण पाच सेंटिमीटरची वीस-पंचवीस कालवं घ्यावीत. गाळलेल्या खाडीच्या पाण्यात दिवसभर ठेवावीत, नाहीतर पोटातला चिखल मांसाबरोबर मोजला जातो आणि मागच्या दाराने गाळच परत येतो. फोडताना लोखंडी हत्यार शिंपल्यापुरतंच ठेवावं. मांस प्लॅस्टिकच्या किंवा सिरॅमिक सुरीने सोडवावं. महिना दरवर्षी तोच हवा. अंडी सोडल्यावर मांस रोडावतं आणि धातू तेवढाच राहिला तरी आकडा चढतो. पावसाळा वगळावा; गोड्या पाण्यात कालव शिंपला मिटून बसतं.

जस्ताच्या आकड्याने घाबरू नये. कालव मुळातच जस्त साठवणारं. सुक्या मांसात किलोला हजारावर मिलिग्रॅम निघाले, तर तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. जस्तासाठी शिनाणे (हिरवट शिंपले) बरे, पण ते जस्त बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवतात, हे धरून चालावं.

सगळ्यात महागात पडणारी चूक ओल्या-सुक्याची. मांसात सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणून सुक्यावरचा आकडा ओल्याच्या जवळपास पाचपट दिसतो. खाण्याच्या मर्यादा ओल्या मांसावर असतात. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, शिंपल्यांतल्या कॅडमियमची मर्यादा किलोला 2 मिलिग्रॅम आहे, आणि तीतून कालवं वगळलेली आहेत. म्हणून बाजारात जाणाऱ्या मालाबद्दल विचारणा असेल, तर ही मर्यादा लागू असलेल्या तिसऱ्याही (खाण्याचे छोटे शिंपले) तपासाव्यात. सुका आकडा थेट या मर्यादेशी लावून बातमी झाली, तर कालवं आणि तिसऱ्या विकून घर चालवणाऱ्या बायकांचा धंदा महिनाभर बसतो. अहवालात ओलाव्याची टक्केवारी लिहिलेली नसेल, तर तो परत पाठवावा.

आणखी कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल, पण एकच पर्याय परवडत असेल तर मी कालवांकडे झुकेन. दरवर्षी तीच ठिकाणं, तोच महिना. गाळ तीन-चार जागी दर काही वर्षांनी घेतला तरी चालेल. जिथे खडप नाही, तिथे स्वच्छ खाडीतली कालवं नायलॉनच्या जाळीत भरून दोन-तीन महिने खुंटाला टांगावीत, आणि निघताना त्याच घोळक्यातली काही शून्य दिवसाचा, म्हणजे टांगण्याआधीचा, तुलनेचा नमुना म्हणून गोठवून ठेवावीत. प्रत्येक वर्षाची थोडी सुकी पूड बाटलीत जपावी. पुढच्या वर्षी प्रयोगशाळा बदलली आणि आकडा उडी मारून वर गेला, तर जुनी पूड तिथेच पुन्हा तपासून घेता येते.