घडीची सायकल की साधी?

घर ते ऑफिस सगळा रस्ता सायकलनेच कापणार असाल, तर साधीच घ्या. तिची मोठी चाकं खड्ड्यांवरून सहज जातात, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात आणि त्याच पैशांत गिअरही चांगले येतात.

प्रश्न येतो तो मध्ये लोकल, बस किंवा मेट्रो असली की. साधी सायकल स्टेशनबाहेर उभी करावी लागते आणि दिवसभर जीव तिच्यात अडकतो. घडीची मात्र सोबत येते. लंडनच्या ब्रॉम्प्टन कंपनीच्या नेहमीच्या घडीच्या सायकलची चाकं १६ इंची. मागचं चाक फ्रेमखाली वळवायचं, फ्रेम मधून दुमडायची, हँडल खाली पाडायचं. सरावाने अर्ध्या मिनिटात टेबलाखाली मावेल एवढं गाठोडं होतं. आपल्याकडे जास्त दिसतात त्या २० इंची. घडी जरा मोठी होते, पण रस्त्यावर त्या अधिक स्थिर वाटतात.

वजनाचं मात्र आधीच पाहा. ११ ते १४ किलो हातात घेऊन दादरचा जिना चढून बघा! आणि सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ती नेण्याचा विचार सोडाच. उलट्या दिशेने किंवा गर्दी ओसरल्यावर जाणाऱ्यांनाच ती कामाची. पावसाळ्यात बिजागऱ्यांत चिखल बसतो, तो पुसून तेल घालावंच लागतं.

प्रवासाला? कोकणातल्या चढांना साधी गिअरवाली. पण गाडीच्या डिकीत टाकून गावात हिंडायचं असेल, तर घडीचीच, मला तरी शंका नाही.