फॅन आर्टसाठी शिवकाल घ्यावा का पेशवाई?

ऐतिहासिक चित्रं काढायचा नाद नवीन लागला की बरेच जण इथेच अडकतात, मीही अडकलो होतो. आधी दोन वर्षं शिवकाल काढला, आता तीन वर्षं पेशवाई चालू आहे, म्हणून आपलं सांगतोय, बाकी ज्याची त्याची आवड.

शिवकालात मजा आहेच. गड, घोडे, दांडपट्टा, पानभर नुसती अॅक्शन, आणि लाइक्सही जास्त पडतात, खोटं कशाला बोला. ट्रिव्हिया पण जबरी. एकेकाळी महाराजांचं म्हणून जे चित्र सगळीकडे चालायचं ते निघालं भलत्याच कुणा इब्राहिम खानाचं, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी ते उघड केलं. हे कळलं तेव्हा मी तीन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होतो.

पण गोची होते चेहऱ्यापाशी. त्या काळातली दख्खनी चित्रं मी जेवढी बघितली ती बहुतेक एका बाजूनं काढलेली, एकच डोळा दिसणार. आता मला मावळा समोरून धावत येताना काढायचाय, तर पागोट्याचे पीळ समोरून कसे, कल्ले कुठवर आलेले, बघणार कुठे? मग हात आपोआप सिरियलकडे जातो, आणि चित्र टाकलं की पहिलाच माणूस म्हणतो, "हा तर अमुक मालिकेतला". बरोबरच असतं त्याचं! एकदा तर जिरेटोप समोरून जमेना म्हणून इतका खोडला की कागदाला भोक पडलं, तिथंच मन उडालं माझं.

पेशवाईत तो त्रास मला तरी कमी वाटला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1790 च्या दशकात पुण्यात होता, त्यानं सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे तैलरंगात रंगवलेत, सावल्यांसकट, त्यामुळे पगडी नीट कळते. वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यातली भित्तिचित्रं आहेत, वही घेऊन जाऊन या. आणि आपला पुण्याचा त्याच काळातला चित्रकार गंगाराम तांबट! त्यानं वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली आणि 1790 मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे त्यांच्या प्राणिसंग्रहातला, गेंडासुद्धा.

कंटाळवाणी बाजू म्हणाल तर सगळे बसलेले, लोड, तक्के, अंगरख्याच्या चुण्या काढता काढता मान मोडते. घोडेच काढायचे असतील तर खुशाल शिवकाल घ्या. माझी मात्र सध्या गेंड्यांची वही भरत आलीये.