सोलापूरहून पावसात कात्रज ते सिंहगड ट्रेक (के टू एस), ग्रुपचा रिव्ह्यू

सोलापूरचाच ग्रुप आहे, नाव इथे टाकत नाही कारण दोन-तीन गोष्टी खटकल्या आणि त्या मी लीडरला तोंडावरच सांगितल्यात. पण जुलैच्या पावसात के टू एसला जायचं का, आणि जायचं तर कसल्या ग्रुपबरोबर, असं बरेच जण विचारलालेत म्हणून सविस्तर लिहितोय.

शनिवारी रात्री सोलापूरहून बस निघाली, उजाडायच्या आत कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी. तिथून वर वाघजाईचं देऊळ आणि मग सुरू एकामागोमाग एक टेकड्या, कुणी तेरा म्हणतं कुणी चौदा, साधारण 15-16 किलोमीटर. एरवी लोक हा ट्रेक पौर्णिमेच्या रात्री करतात, उजव्या हाताला पुण्याचे दिवे दिसतात म्हणे. आम्हाला पुढच्या माणसाची सॅक दिसत होती बस, बाकी सगळं पांढरं. तोंड पश्चिमेला असतं त्यामुळे वारा आणि पाऊस सरळ चेहऱ्यावर, कानटोपी नसेल तर तासाभरात कान बधिर.

आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की आपण कोजागिरीला तुळजापूरला पायी जातो, 45 किलोमीटर चालतो, तर 15 म्हणजे काय. पण तो डांबरी रस्ता आहे ओ! इथे प्रत्येक टेकडी चढायची आणि चढलेलं सगळं परत उतरायचं, पुढची उभीच. चढताना दम लागतो तेवढंच, खरी परीक्षा उतारावर. उन्हाळ्यात जो मुरूम घसरतो तो पावसात वरून चिखल आणि खालून गोट्या असा होतो, धरायला झाड नाही, गवत धरलं तर मुळासकट हातात येतं. अशा एका उतारावर मी अडकलो तेव्हा मागच्या लीडरने खाली जाऊन स्वतःचा बूट आडवा रोवला आणि म्हणाला "यावर पाय ठेवा काका, बिनधास्त". माझ्यानंतरच्या सगळ्यांना त्याने तसंच उतरवलं, त्याचा बूट आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. त्या पोराला माझ्याकडून शंभरपैकी शंभर.

धुक्यात या डोंगररांगेवर चुकायला वेळ लागत नाही, कारण मुख्य धारेवरून, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावरून, बाजूला सोंडा फुटतात आणि त्यावरही पायवाट असते, गुरांची नाहीतर कुणी आधी चुकलेल्यांची. आमचा लीडर प्रत्येक खिंडीत थांबायचा, शेवटचा माणूस येईपर्यंत हलायचा नाही, मोजणी करायचा मगच पुढे. पुढच्या दोन-तीन पोरांना घाई झाली होती, त्यांना सरळ मधे आणून चालवलं. "काय करलालाव बे, रेस लागलीय का" एवढंच बोलला पण परत कुणी पुढे पळालं नाही. माझ्या मते फीचे पैसे यासाठीच द्यायचे असतात, टी-शर्ट आणि ड्रोनच्या व्हिडिओसाठी नाही.

आता खटकलेलं. व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये "सोपा, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी उत्तम" असं लिहिलं होतं, पावसात हे अजिबात खरं नाही. दोन जणी साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये आल्या होत्या, सोल गुळगुळीत, बिचाऱ्या अर्धा ट्रेक बसून उतरल्या. बुटाची खोल नक्षी बसमध्ये बसायच्या आधी तपासायला काय हरकत आहे? दुसरं म्हणजे पाणी. पाऊस आहे म्हटल्यावर लोक एक-एक बाटली घेऊन आले, पण वाटेत धारेवर प्यायचं पाणी कुठेच नाही आणि घाम पावसातही तेवढाच येतो. प्रत्येकी तीन लिटर सक्तीचं करा. तिसरं, नाश्त्याचे पोहे पहिल्या टेकडीवरच गार गिच्च. तिथे कामाला आली ती आपली कडक भाकरी अन् शेंगा चटणी, घरून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आणलेली म्हणून सादळली नव्हती, सगळ्या ग्रुपने तुकडा-तुकडा खाल्ला.

पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) घेणाऱ्यांनी विचार करा. सॅक झाकली जाते हे बरोबर, पण उघड्या धारेवर वारा तो उलटा करून डोक्यावर टाकतो आणि उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत. जॅकेट आणि सॅकला वेगळं कव्हर, हेच चांगलं.

शेवटची टेकडी उतरली की एकदम सिंहगडाचा डांबरी घाटरस्ता लागतो. तिथून गडावर जीपने न्यायचं ठरलं होतं, पण दिवस कलला होता म्हणून लीडरने गड रद्द केला. काही जण चिडले, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हुकलं म्हणून. मला निर्णय पटला, सगळे थंडीने कुडकुडत होते आणि पुढे सोलापूरपर्यंतचा अडीचशे किलोमीटरचा प्रवास होता. फक्त गडाच्या जीपचे पैसे आधीच घेतले होते ते परत मिळायला हवे होते, अजून आलेले नाहीत.

पाचपैकी चार. तुळजापूरचा घाट पाठीवर वजन घेऊन चढ-उतार करून बघा, गुडघे काय म्हणतात ते कळेल, मग नाव नोंदवा. आणि थोडे सुके कपडे बसमध्येच ठेवून जा.