तलवारी मोडू देत, पण पाऊस आवरा: ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ नऊ महिन्यांनी

काल रात्री लाईट गेली. बाहेर धो धो, आणि हातातल्या स्विचवर, म्हणजे निन्टेंडोच्या गेम खेळायच्या यंत्रावर, पण धो धो. पाऊण कडा चढून झालेला, वरचा काठ दिसत होता, तेवढ्यात टपटप सुरू. लिंक, म्हणजे गेमचा हिरो, चार हात वर सरकतोय, पाचव्याला घसरतोय. स्टॅमिनाचं हिरवं चाक संपलं की गडी थेट खाली. तीनदा झालं हे. म्हणून लिहायला बसलोय.

गेम २०१७ चा, त्यामुळं गोष्ट सांगत बसत नाही. दिवाळीत सेकंड हँड स्विच घेतला, त्याच्यासोबत ही कॅसेट आली. विकणारा म्हणाला, “नव्यासारखा आहे भावा.” घरी बघतो तर चार्जर कुठल्या तरी मोबाईलचा! डॉकला (टीव्हीला जोडायचा स्टँड) लावला तर टीव्हीवर चित्रच येईना, कारण डॉकला १५ व्होल्टचा चार्जर लागतो. फोन केला तर म्हणे, “हातात धरून खेळा की.” चार्जरचे पैसे वेगळे गेले. मॉडेल तेवढं २०१९ चं सुधारित निघालं. ह्या गेमवर बॅटरी साडेपाच तासांच्या आसपास टिकते, आधीच्या मॉडेलवर तीनच. लाईट गेल्यावर त्याची किंमत कळते.

(भाच्यानं कॅसेट चाटून बघितली. पोरांनी गिळू नये म्हणून तिला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. तेव्हापासून तो स्विचकडं फिरकत नाही. बरंच झालं.)

सगळे रडतात ते तलवारी मोडतात म्हणून. मोडू देत, दुसरी उचलायची. माझं भांडण पावसाशी आहे. दिसेल तो डोंगर चढा म्हणायचं आणि वर चढताना पाऊस सोडायचा! शेकोटी विझते, आगीचे बाण विझतात, बॉम्बचे बाण फुटत नाहीत. वीज कडाडायला लागली की लोखंडी ढाल-तलवार उतरवायची, नाहीतर वीज अंगावर. अरे, आम्ही भर पावसात पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत चालत जाणारी माणसं. घसरतो आम्ही पण, दर पाचव्या पावलाला नाही.

जानेवारीत तर गेम विकायलाच काढला होता. झोरांच्या, म्हणजे गेममधल्या माशासारख्या माणसांच्या, गावाकडं जाणारी वाट लागली होती, तिथं पाऊस थांबतच नाही. चढायचं नाव नाही, गुमान नदीकाठानं वर जायचं आणि वाटेत विजेचे बाण खायचे. वैतागून तिथं पोचलो, तर राजा सांगतोय की रुता नावाचं ते हत्तीसारखं यंत्र सारखं पाणी ओकतंय, वरचं धरण भरत आलंय, फुटलं तर खालचं सगळं वाहून जाणार. आत्या शेजारी शेंगा सोलत बसली होती. २०१९ च्या महापुरात तिच्या कोल्हापूरच्या कुंभार गल्लीतल्या घरात पाणी शिरलेलं. तिनं मान वर केली आणि विचारलं, “दरवाजं उघडलं का रं?”

त्या रात्री दोन वाजेपर्यंत खेळलो. डोंगरावरच्या त्या सिंहतोंड्याची नजर चुकवून विजेचे वीस बाण गोळा केले, रुताला शांत केलं, आणि पाऊस थांबला. सकाळी आत्याला सांगितलं. “बरं झालं,” म्हणाली, राधानगरी धरणाची बातमी ऐकल्यासारखी.

विक्री रद्द. पुढं रेवालीचं वारं नावाची शक्ती मिळाली. तिनं उभं वर उडता येतं, भर पावसात सुद्धा, त्यामुळं राग निम्मा उतरला. पण तीनदा वापरली की भरायला वेळ लागतो. काल नेमकी तीच संपलेली.

आणि एक. थंडीत मिरची शिजवून खाल्ली की थोडा वेळ गारठा लागत नाही, हे ज्याला सुचलं त्याला तांबडा रस्सा माझ्याकडून.

२०२३ च्या पुढच्या भागात न घसरणारे बेडकाचे कपडे दिलेत म्हणे. म्हणजे चूक त्यांनाही कळली होती! पण नव्या कॅसेटची किंमत बघून मी गप बसलो. कुणी निम्म्यात देणार असेल तर सांगा. चार्जर नको, आहे माझ्याकडं.