पॅरानॉर्मल रोमान्स निवडताना वाचकांचे रिव्ह्यू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्हॅम्पायर, शेपशिफ्टर (रूप पालटणारे), भुतं, शापित राजपुत्र यांच्या प्रेमकथांचा मलपृष्ठावरचा मजकूर निवडीसाठी जवळपास निरुपयोगी असतो. तो धोकादायक, ती चारचौघींपेक्षा वेगळी, दोघांच्या मधे एक जुनं रहस्य. शंभरातल्या नव्वद पुस्तकांवर हेच छापलेलं सापडेल. मग उरतात वाचकांची मतं. गेले आठ महिने पुस्तक घ्यायचं की सोडायचं हे गुडरीड्स, अ‍ॅमेझॉन आणि स्टोरीग्राफ या तीन साइटवरच्या वाचकांच्या रिव्ह्यूंवरून ठरवलं आणि पुस्तक वाचून झाल्यावर तेच रिव्ह्यू पुन्हा उघडून ताडून पाहिले. स्टारच्या आकड्याने फारशी मदत केली नाही. दोन आणि तीन स्टारवाल्यांनी लिहिलेल्या मजकुराने मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी पुस्तकाची खरी ओळख करून दिली. फक्त त्यात काय शोधायचं हे माहीत हवं.

आधी आकड्याचं बघू. समजा दोन पुस्तकं आहेत, दोन्हींना शंभर-शंभर रेटिंग, दोन्हींची सरासरी ४.०. पहिल्याला ६० जणांनी पाच, १५ जणांनी चार, ५ जणांनी तीन, ५ जणांनी दोन आणि १५ जणांनी एक स्टार दिलाय. दुसऱ्याला ३० जणांनी पाच, ४५ जणांनी चार, २० जणांनी तीन आणि ५ जणांनी दोन. एक स्टार कुणाचाच नाही. बेरीज दोन्हीकडे ४०० भरते. पण पहिलं पुस्तक एकतर उराशी धरावं नाहीतर अर्ध्यात टाकावं असं आहे, आणि दुसरं बहुतेकांना सुखाने वाचता येणारं. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये पहिला प्रकार वारंवार दिसतो, कारण नायकाचा हक्क गाजवणारा स्वभाव किंवा रक्त पिण्याचे प्रसंग हे मधलं मत होऊच देत नाहीत. म्हणून सरासरी सोडून द्यावी आणि पाचही स्टारच्या पट्ट्या बघाव्यात. एक स्टारची पट्टी जाड असेल तर ती का जाड आहे हे कळेपर्यंत पुस्तक घेऊ नये.

तिन्ही साइटचे आकडे एकमेकांशी ताडूही नयेत. गुडरीड्सवर तीन स्टारचा अर्थच ‘आवडलं’ असा दिलेला आहे आणि दोनचा ‘ठीक होतं’. तिथे अर्धा स्टार देता येत नाही, त्यामुळे साडेतीनवाला वाचक कधी वर सरकतो, कधी खाली. स्टोरीग्राफवर पाव स्टारसुद्धा देता येतो. अ‍ॅमेझॉनचा आकडा साधी सरासरी नसतोच. रिव्ह्यू किती ताजा आहे, देणाऱ्याने तिथूनच खरेदी केली आहे का, अशा गोष्टी धरून तो काढला जातो. शिवाय अ‍ॅमेझॉनवर छापील, किंडल आणि ऑडिओ आवृत्त्यांचे रिव्ह्यू एकाच ठिकाणी जमा होतात. ‘आवाज अगदीच सपाट’ ही तक्रार निवेदकाची असते, कादंबरीची नव्हे, आणि ती एक स्टारसकट कादंबरीच्या नावावर चढते.

सिरीजच्या बाबतीत तर आकडा चक्क फसवतो. पहिला भाग १०० जणांनी वाचला: ४० जणांनी पाच स्टार, ३० जणांनी चार, ३० जणांनी दोन. सरासरी ३.८. ज्यांना आवडला नाही ते ३० जण दुसऱ्या भागाकडे फिरकणार नाहीत. उरलेल्या ७० जणांनी दुसऱ्या भागाला अगदी तेच स्टार दिले तरी सरासरी ४.५७ होते. लिखाण तसूभरही सुधारलेलं नसताना! ‘पहिला भाग जरा सांभाळून घ्या, पुढे सिरीज बहरते’ हा सल्ला या आकड्यावर विसंबून दिलेला असतो. सिरीज खरोखर सुधारली का हे पाहायचं तर ज्याने पहिल्या भागाला दोन-तीन स्टार दिले आणि तरीही तिसरा भाग वाचला, असा वाचक शोधावा. असे थोडे असतात, पण त्यांचं मत सोन्यासारखं. उलटही तपासावं: पाचव्या भागावर जुने चाहते चिडले असतील तर ती चीड खरी असते, कारण तिथवर पोचलेला माणूस मुळात प्रेमाने वाचत आलेला असतो.

आता मजकुराकडे. एक स्टारच्या रिव्ह्यूंचा मोठा भाग चुकीच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकांचा असतो. अर्बन फँटसी, म्हणजे आजच्या शहरात घडणारी जादूची साहसकथा, समजून उचललेलं पुस्तक पॅरानॉर्मल रोमान्स निघतं, मग ‘कथानक नाहीच, नुसते एकमेकांकडे बघत बसतात’ असं लिहिलं जातं. फरक ओळखायची सोपी कसोटी आहे. प्रेमकथा काढून टाकली आणि मागे तपास, युद्ध किंवा कटकारस्थान उभं राहिलं तर ती अर्बन फँटसी. सगळा डोलारा कोसळला तर पॅरानॉर्मल रोमान्स. सिरीजची बांधणीही सहसा वेगळी असते. रोमान्समध्ये दर भागात नवं जोडपं आणि त्याची गोष्ट त्याच भागात पूर्ण. अर्बन फँटसीत तीच नायिका, बहुधा प्रथमपुरुषी निवेदन, आणि नातं चार-पाच भागांवर रेंगाळलेलं. म्हणून ‘नुसतं प्रेमच प्रेम’ या तक्रारीवर आलेला एक स्टार रोमान्सच्या वाचकाने शिफारस म्हणूनच वाचावा.

‘इन्स्टा-लव्ह’, म्हणजे बघताक्षणी जडलेलं प्रेम, ही दुसरी नेहमीची तक्रार. नियतीने जुळवलेले जोडीदार, म्हणजे फेटेड मेट्स, या ठरीव कथासाच्यात (ट्रोपमध्ये) ओढ पहिल्या भेटीतच लागते, तो त्याचा पायाच आहे. त्यामुळे ओढ लवकर लागली ही तक्रार सोडून द्यावी. शोधायचं ते याच्या पुढचं: बंध नाकारता येतो का, नाकारला तर कुणाचं काय बिघडतं, आणि नायिकेला हे आधी सांगितलं जातं की नंतर. बंध नाकारल्यावर नायक मरणार असेल आणि नायिकेला हे विसाव्या प्रकरणात कळणार असेल, तर तिचा होकार खऱ्या अर्थाने होकार उरत नाही. कित्येक वाचकांना पुस्तक वाचताना काहीतरी खटकतं ते इथेच, आणि रिव्ह्यूमध्ये ते ‘केमिस्ट्री जाणवली नाही’ असं उतरतं. असं वाक्य दोन-तीन जणांनी लिहिलेलं दिसलं की रिव्ह्यूंमध्ये बंध, नकार, संमती हे शब्द शोधून पाहावेत. कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो शेवटाबद्दलच्या तक्रारींचा. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने, आरडब्ल्यूएने, या प्रकाराची व्याख्या दोनच गोष्टींवर बांधली आहे: मध्यवर्ती प्रेमकथा, आणि भावनिक समाधान देणारा आशादायी शेवट. साध्या रोमान्समध्ये लग्न झालं, गैरसमज मिटले की हा शेवट साधतो. इथे अडचण अशी की एकजण तीनशे वर्षं जगलेला आणि पुढेही जगणार, दुसरी सत्तर-ऐंशी वर्षांत जाणार. हा हिशेब मिटवल्याशिवाय शेवट सुखाचा म्हणता येत नाही. लेखकांकडे यासाठी मोजक्याच वाटा असतात. ती त्याच्यासारखी होते. तो अमरत्व सोडतो. बंधामुळे दोघांचं आयुष्य एकमेकांना बांधलं जातं. किंवा प्रश्न तसाच ठेवून ‘सध्यापुरता सुखाचा’ शेवट, म्हणजे एचएफएन, दिला जातो. यातली कुठलीही वाट चालते, पण तिचा नियम पुस्तकाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात येऊन गेलेला हवा आणि त्याची किंमत कुणीतरी मोजायला हवी. ऐन वेळी एखादी म्हातारी चेटकीण येऊन जुना मंत्र सांगत असेल तर वाचक ‘शेवट गुंडाळला’, ‘शेवटची पन्नास पानं घाईत’ असं लिहितात. खरी कुरकुर पानांच्या संख्येवर नसते. नियम उशिरा आला, म्हणून घाई वाटते. त्याच पानांत तोच शेवट, पण मंत्राचा उल्लेख चौथ्या प्रकरणात झालेला असता, तर ही तक्रार आली नसती.

यासाठी स्पॉयलर, म्हणजे कथेचा शेवट फोडणारा मजकूर, वाचायला घाबरू नये, असं माझं ठाम मत आहे. या प्रकारात ते दोघं एकत्र येणार हे सगळ्यांना पहिल्या पानापासून ठाऊक असतं. गोडी असते ती कसे येतात यात. शेवटाची वाट कोणती आहे एवढं कळल्याने काही बिघडत नाही, आणि नको असलेलं पुस्तक टळतं.

जगाच्या नियमांबद्दलच्या तक्रारी मात्र सावधपणे घ्याव्यात. ‘व्हॅम्पायर भरदुपारी फिरतो, लेखिकेला साधे नियम माहीत नाहीत’ असे शेरे पुष्कळ दिसतात. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत काउंट दिवसा वावरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा मर्यादित असते. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होण्याची कल्पना पडद्यावरून रूढ झाली, १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटापासून. तेव्हा परंपरा मोडली ही तक्रार बाद समजावी. पुस्तकाने स्वतः घालून दिलेला नियम पुढे स्वतःच मोडला, असं कुणी प्रकरणासकट दाखवून देत असेल तर तो रिव्ह्यू जपून ठेवण्याजोगा. पाचव्या प्रकरणात आमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडता न येणारा नायक पंचविसाव्यात खिडकीतून थेट आत येतो, ही चूक आवडीनिवडीच्या पलीकडची आहे.

नायकाच्या स्वभावाबद्दल विशेषणं वाचूच नयेत. ‘पझेसिव्ह’ हा शब्द पाच स्टारच्या रिव्ह्यूतही कौतुकाने येतो आणि एक स्टारच्यातही संतापाने. क्रिया शोधाव्यात. तो तिला न सांगता तिचा पाठलाग करतो का? तिच्या भल्यासाठी म्हणून तिला कोंडतो का? आणि नंतर कथेत त्याबद्दल कुणी त्याला जाब विचारतं का? ‘स्पाइस’चंही, म्हणजे प्रणयप्रसंग किती उघड आहेत याचंही तेच. वाचक ते मिरच्यांच्या चित्रांनी मोजतात. पण त्याची कुठलीही प्रमाण मोजपट्टी नाही. एकाच्या तीन मिरच्या दुसऱ्याची एक असते. प्रणयाचे प्रसंग साधारण किती, पहिला प्रसंग पुस्तकाच्या कितव्या टक्क्याला, आणि दार बंद होतं की लेखिका आत थांबते, एवढं लिहिणारा वाचक कामाचा. जबरदस्ती, हिंसा, प्रियजनांचा मृत्यू यांसाठी स्टोरीग्राफवरच्या कंटेंट वॉर्निंग सर्वात सोयीच्या आहेत, कारण त्या तीव्र, मध्यम आणि किरकोळ अशा तीन थरांत येतात. फक्त त्या मुख्यतः वाचकांनी भरलेल्या असतात, म्हणून नव्या पुस्तकाची यादी रिकामी दिसली तर पुस्तक निर्धोक आहे असं धरू नये.

आठ महिन्यांत बसलेली पद्धत सांगायची तर एका पुस्तकाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधी पट्ट्या. मग तीन स्टारचे सात-आठ रिव्ह्यू, मग दोनचे चार-पाच. पाच आणि एकचे प्रत्येकी दोन पुरतात. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल तर ती खरी मानायची. शब्द तसेच्या तसे असतील तर ती ऐकीव असू शकते. त्यानंतर क्लिफहँगर (अधांतरी सोडलेला शेवट), स्टँडअलोन (एकट्याने पूर्ण होणारं पुस्तक), एपिलॉग (उपसंहार), पीओव्ही (गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगितली आहे) हे शब्द शोधायचे. सिरीजमधलं पुस्तक असेल तर वाचनक्रम बघायचा, विशेषतः मधे १.५ किंवा २.५ अशा क्रमांकाची नॉव्हेला, म्हणजे लघुकादंबरी, आहे का. ती वगळल्यामुळे ‘हा माणूस अचानक कुठून आला’ असा गोंधळ पुढच्या भागाच्या रिव्ह्यूंत हमखास दिसतो. शेवटी नमुना वाचायचा. किंडलचा नमुना साधारण सुरुवातीचा दहा टक्के असतो. भाषा आणि संवाद जमतात का हे ठरवायला तेवढा पुरतो.

तारखा पाहायला विसरू नये. प्रकाशनाच्या आधीचे आणि पहिल्या आठवड्यातले बरेच रिव्ह्यू एआरसीवर, म्हणजे आगाऊ दिलेल्या प्रतीवर लिहिलेले असतात. ही प्रत अंतिम मुद्रितशोधन व्हायच्या आधीची असते, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पुढे दुरुस्त झालेल्या असू शकतात. शिवाय ती मागून घेणारे बहुतेक त्या लेखिकेचे आधीपासूनचे चाहते, म्हणून सुरुवातीचा आकडा फुगलेला असतो. गुडरीड्सवर तर पुस्तक बाजारात येण्याआधीच रेटिंग देता येतं, आणि उत्सुकतेपोटी दिलेले पाच स्टारही त्यात मिसळतात. सहा महिन्यांनंतरचे, विशेषतः दुसऱ्यांदा वाचून लिहिलेले रिव्ह्यू सर्वात शांत डोक्याचे निघाले.

डीएनएफ, म्हणजे अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकाचा रिव्ह्यू, कुठे सोडलं ते लिहिलं असेल तर उपयोगी. बाराव्या टक्क्याला सोडणारे पुष्कळ असतील तर सुरुवात माहितीच्या ओझ्याने दबलेली असते: कुळं, दरबार, रक्ताचे प्रकार, सगळं एकदम. साठाव्या टक्क्याला सोडणारे असतील तर बहुधा ओढून ताणून घडवलेली ताटातूट तिथे असते. मात्र डीएनएफवाल्याचं शेवटाबद्दलचं मत धरू नये, त्याने तो वाचलेलाच नसतो.

ही पद्धत कमी पडते ती नव्या लेखिकांच्या पुस्तकांना. दहा-बारा रेटिंग, त्यातली निम्मी मजकुराविना. तिथे नमुना आणि स्वतःचा अंदाज एवढंच हाती राहतं. अशी पुस्तकं वाचणाऱ्यांनी निदान चार ओळी नक्की लिहाव्यात: पुस्तक एकटं पूर्ण होतं का, बंधाला नकार देता येतो का, आयुर्मानाचा प्रश्न कसा सुटतो आणि त्याचा नियम कितव्या प्रकरणात येतो. शेवटचे दोन मुद्दे स्पॉयलरच्या झाकणाखाली टाकता येतात, म्हणजे ज्याला हवं तोच उघडून बघेल.