पाठदुखीसाठी टेनिस बॉल की फोम रोलर?

आधी दुखरी जागा दाखवून पाहा. एका बोटाने दाखवता आली तर बॉल, पूर्ण तळहात फिरवावा लागला तर रोलर, म्हणजे अंगाखाली घेऊन फिरवायचा फोमचा लांब, गोल लोड.

खर्चात तुलनाच नाही. बॉल शंभराच्या आत मिळतो, रोलरला पाचशे ते दीड हजार पडतात. स्वस्त, मऊ पांढरा रोलर रोजच्या वापराने मधे दबतो. घ्यायचाच तर घट्ट फोमचा घ्या.

वापरायला बॉल सोपा. भिंतीपासून फूटभर पुढे उभे राहा, बॉल मणक्यापासून दोन बोटं बाजूला ठेवून टेका आणि ३० ते ६० सेकंद दाबून धरा. मणक्याच्या हाडावर कधीच नको. बॉल घसरत असेल तर लांब मोज्यात घालून मोजा खांद्यावरून धरा. जमिनीवर झोपून सुरुवात केली तर सगळं वजन एका बिंदूवर येतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त ठणकतं.

रोलर खांद्याच्या फऱ्यांखाली आडवा ठेवा, गुडघे वाकवा, हात डोक्यामागे घ्या, हळूहळू फिरवा. सर्रास होणारी चूक म्हणजे तो कमरेपर्यंत नेणं. तिथे फासळ्यांचा आधार नसतो, कंबर उलटी वाकते आणि स्नायू उलट आवळतात. कंबर दुखत असेल तर बॉल नितंबाच्या स्नायूवर लावा, बराच फरक पडतो.

दिवसभर संगणकासमोर वाकून बसणाऱ्यांना रोलर. खाली बसता-उठता न येणाऱ्यांना, प्रवासात किंवा ऑफिसात बॉल. हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नकोत. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तरी आधी डॉक्टर. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल.